सोबत फोटो जोडला आहे

माझ्या नवऱ्याला, संघपालला, साधी चिठ्ठी लिहायला सांगितली तरी तो खाली 'सोबत' असं लिहून एक, दोन, तीन करत कागदांची यादी करतो. नांदेडला रेल्वेच्या विभागीय कार्यालयात चोवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. संघपालच्या टेबलावरून अर्ज परत जातो तो एकाच कारणानं, कागद अपुरे. त्यामुळे आपला स्वतःचा अर्ज कधी अपुरा ठरू नये, ही त्याच्या इज्जतीची गोष्ट. लग्नाआधी मला पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा खिशात नोकरीच्या ऑर्डरची झेरॉक्स घेऊन आला होता, मी मागितली तर असावी म्हणून. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं हसून सांगत आले. आता नाही सांगत.

पळायला आम्ही लागलो ते त्याच्या साखरेमुळे. डॉक्टर म्हणाले चाला, हा एकटा चालेना, म्हणून मी सोबत. पहाटे पाचला कौठ्याच्या रस्त्यानं निघायचं, चालता चालता थोडं पळायचं, दम लागला की विजेच्या खांबाला हात लावून उभं राहायचं. पहिल्याच आठवड्यात दूधवाला गाडी थांबवून विचारता झाला, "काय झालं सर, घरी काही बरंवाईट तर न्हाई ना?" मी पंचेचाळीसची, हा एकोणपन्नासचा, माझ्या पायात मुलाचे जुने बूट. शेजारणी तोंडावर म्हणायच्या, "मॅडम, या वयात शोभतं का?" शोभत नव्हतंच. पण सात-आठ महिन्यांत आम्ही न थांबता दहा किलोमीटर जाऊ लागलो, आणि तेव्हा लातूरच्या मॅरेथॉनची जाहिरात पाहिली.

लातूरचे एक डाळमिलवाले आहेत, माणिकप्पा. त्यांचं प्रतिष्ठान दर वर्षी ही मॅरेथॉन भरवतं. त्यात एकवीस किलोमीटरचा जोडी गट असतो, नवरा-बायकोंचा. जोडीनं एका गरजू माणसासाठी ओळखीपाळखीतून पैसे जमवायचे, आणि दोघांनी मिळून तीन तासांच्या आत अंतर कापलं तर प्रतिष्ठान तेवढीच भर घालतं. जोडीतला एक जरी मागं राहिला तरी भर मिळत नाही.

कुणासाठी पळायचं हे आम्हाला शोधावं लागलं नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. मुबश्शिरा माझ्या वर्गात होती. नववीत असताना एक दिवस माझ्या लक्षात आलं, मी फळ्याकडं तोंड केलं की ही लिहायची थांबते आणि मी वळले की परत सुरू होते. पोरगी माझे ओठ वाचत होती. दोन्ही कान कमी कमी होत चाललेले. डाव्या कानात सरकारी शिबिरात मिळालेलं मशीन, ते मधूनच शिट्टी मारायचं, म्हणून ती त्यावरून स्कार्फ घट्ट बांधायची. तेवढ्यावर ती दहावीला शाळेत पहिली आली. आता लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावून, तीन मुलींबरोबर खोली करून राहत होती. वडील नाहीत. आई अमीरबी नांदेडला ब्लाउज शिवून घर चालवते. दोन्ही कानांना चांगली मशीनं घ्यायची तर अमीरबीला दोन वर्षं रात्रंदिवस शिवत बसावं लागलं असतं.

आम्ही अमीरबीच्या घरी गेलो तेव्हा मुबश्शिरा सुट्टीला आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं, आणि एकच अट घातली.

"मॅडम, मशीन घेते मी. पण कुणाला कळलं न्हाई पायजे. क्लासमध्ये तर बिलकूल न्हाई. डॉक्टर व्हायला निघाली अन् ऐकू येत न्हाई, म्हणून हसतेत लोकं."

अमीरबी म्हणाली, "तिचं ऐका मॅडम. पैसे न्हाई जमले तरी चालतील, पण पोरीचा तमाशा नको."

मी शब्द दिला. नाव नाही, फोटो नाही. संघपाल बशीतला चहा संपवून म्हणाला, "हाव. माझाबी शब्द."

प्रतिष्ठानला मुलीची माहिती द्यायचा अर्ज त्यानंच भरून पाठवला. पण बाहेर हा शब्द पाळणं सोपं नव्हतं. लोकांना पैसे द्यायचे असतात, पण आधी चेहरा पाहायचा असतो. शिक्षकांच्या खोलीत, संघपालच्या ऑफिसात, रविवारी वंदनेनंतर विहारात, जिथं जाऊ तिथं पहिला प्रश्न, कोण मुलगी? आणि दुसरा, जरा हळू आवाजात, आपल्यातली का? आमच्यातल्यांनीही विचारलं आणि इतरांनीही विचारलं. मी म्हणायची, एक मुलगी आहे, हुशार आहे, एवढंच सांगता येईल. काहींनी काढलेलं पाकीट परत खिशात ठेवलं. एका बाईंनी तर स्पष्ट विचारलं, "मग आम्हाला पुण्य कसं कळणार?" मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मला या चेहरा दाखवण्याचा तिटकारा आहे आणि त्याला कारण आहे. मी पाचवीत गेले तेव्हापासून दर जूनमध्ये गुरुजी वर्गात येऊन म्हणायचे, शिष्यवृत्तीवाल्यांनी उभं राहा. आम्ही सहा-सात जण उभे राहायचो. बाकीचा वर्ग बसून आमच्याकडं बघायचा. गुरुजी एकेक नाव, पुढं जात, असं मोठ्यानं वाचून टिपून घ्यायचे. पैसे हक्काचे होते, पण ते घेताना आम्ही काहीतरी चोरलंय असं वाटायला लावण्याची त्यांची ती पद्धत होती. संघपालच्या शाळेतही हेच. लग्नानंतर कधीतरी आम्ही दोघांनी हे एकमेकांना सांगितलं, आणि तेव्हापासून मला वाटत आलं की या माणसाला मला काही समजावून सांगावं लागणार नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही एस.टी.नं लोहा, अहमदपूर करत दुपारी लातूरला उतरलो. छातीवर लावायचे नंबर मैदानावर मिळणार होते. रिक्षा क्लासच्या चौकातून वळली आणि संघपालनं माझा दंड धरला.

चौकात, दुभाजकाच्या जाळीवर, बांबूला बांधलेला भलामोठा फ्लेक्स. डावीकडं हात जोडलेले माणिकप्पा, माणसाहून मोठे. उजवीकडं मुबश्शिरा. निळ्या पाठीवरचा पासपोर्ट फोटो ताणून हातभर केलेला. परीक्षेच्या फॉर्मला फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात, म्हणून तिनं स्कार्फ कानांमागं सारला होता आणि डाव्या कानातलं मशीन लख्ख दिसत होतं. वर लिहिलं होतं, 'कर्णबधिर, गरीब व होतकरू कु. मुबश्शिरा हिच्यासाठी धावू या!' खाली आमची दोघांची नावं, आणि त्याखाली चार दुकानांच्या जाहिराती. चौकात क्लास सुटलेली पाचशे पोरं वडापाव खात उभी होती.

मी रिक्षावाल्याला सांगितलं, मैदान राहू दे, डाळमिलवर घे.

माणिकप्पांनी उठून नमस्कार केला, थंड पाणी मागवलं. वाईट माणूस नाही हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि त्यामुळेच जास्त राग येत होता. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. मी म्हणाले, "सर, तो फोटो आत्ताच्या आत्ता काढा."

"ताई, बसा की आधी. त्यात लपवण्यासारखं काय हाय? पोरीनं चोरी केली का?"

"तिनं सांगितलं होतं, कुणाला कळू द्यायचं नाही."

"लोकं चेहरा बघून देतेत, ताई. आज दुपारपर्यंत तीन जणांचे फोन आलेत, आम्हीबी भर घालतो म्हणून. बिनचेहऱ्याच्या मदतीला कोण फिरकतंय?"

"तुम्हाला काही आजार आहे का, सर?"

ते हसले. "साखर हाय. कोणाला न्हाई?"

"मग तुमच्या फोटोखाली ते का नाही लिहिलं?"

त्यांचं हसू थोडं उतरलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक फाइल काढली आणि आमचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. संघपालचं वळणदार अक्षर. खाली 'सोबत', आणि यादी. एक, उत्पन्नाचा दाखला. दोन, आधारची प्रत. तीन, अपंगत्वाचं प्रमाणपत्र. वर उजव्या कोपऱ्यात पिवळा पडत चाललेला डिंक आणि फोटो काढून घेतल्याची चौकोनी खूण.

"फोटो तुमच्या साहेबांनीच दिलाय," माणिकप्पा शांतपणे म्हणाले. "आम्ही मागितला नव्हता. दिला म्हणून छापला. स्टेजवर तिला बोलावत न्हाई, झालं? फ्लेक्स सोमवारी उतरवतो. जाहिरातवाल्यांनी रविवारपर्यंतचे पैसे दिलेत."

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो फाइलकडं पाहत होता.

बाहेर हमाल पोती उतरवत होते, डाळीचा भुसा नाकात जात होता. मी तिथंच उभी राहिले.

"फॉर्मवर फोटोची चौकट होती?"

"न्हाई."

"कुणी मागितला होता?"

"न्हाई."

"मग कामून लावला?"

त्यानं कपाळावरचा भुसा पुसला. मग म्हणाला, "वर कोपऱ्यात जागा मोकळी व्हती. अर्ज अपुरा दिसायला लागला मला. तिच्या परीक्षेचा फॉर्म मीच भरला होता, त्यातली कॉपी पडली व्हती फाइलीत. म्हटलं, उगं आपल्यामुळं परत यायला नको."

त्या क्षणी मला त्याला मारावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. माणिकप्पांना काय माहीत होतं? यानं शब्द दिला होता. वर्गात उभं राहायचं म्हणजे काय, हे याला माहीत होतं. आणि एवढं सगळं माहीत असलेल्या माणसानं, कुणी न मागता, त्या पोरीला स्वतःच्या हातानं डिंक लावून कागदावर उभं केलं होतं. मी म्हणाले, "गुरुजींनी तरी नाव वाचायला सरकारचा कागद आणला होता. तू तर आपल्या मनानं वाचलंस." तो खाली बसला, पोत्याशेजारी, आणि मी त्याला उठ म्हटलं नाही.

संध्याकाळी मुबश्शिराच्या खोलीवर गेलो. ती जिन्यात आली. स्कार्फ नेहमीसारखा बांधलेला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पाहिला मॅडम. दुपारीच. सगळ्या क्लासनं पाहिला."

संघपालनं तिच्यासमोर हात जोडले. "बेटा, चूक माझी हाय."

तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "माझ्या बेंचवरच्या पोरी आता माझ्याशी मोठ्यानं बोलायल्यात. तोंड वेंगाडून. ज-र-ना-ल दे, असं. मॅडम, तोंड वाकडं केलं की ओठ वाचता येत न्हाईत. कालपर्यंत मला त्यांचं सगळं समजत होतं, आज काहीच समजंना गेलंय. अन् त्यांना वाटतं, मदत करून राहिलोत."

मला रडू आलं नाही, चीड आली, इतकी की हातातल्या पिशवीचा बंद तुटला. मी म्हणाले, हे पैसे आपण घेणार नाही, उद्या पळणारच नाही, दुसरीकडून बघू. संघपाल म्हणाला, पळू, पण चौकात थांबून आधी फ्लेक्स फाडू, मग काय व्हायचं ते होऊ दे. आम्ही दोघं जिन्यात तावातावानं बोलत राहिलो. मध्येच ती म्हणाली, "उद्या नऊला टेस्ट आहे, मला वाचायचंय," आणि वर निघून गेली. आम्ही तेवढ्यावरून आमच्या मनानं ठरवून टाकलं, की पळायचं, चौकात थांबायचं, फ्लेक्स उतरवायचा. भर गेली तर जाऊ दे. संघपालनं दाढीचं ब्लेड कागदात गुंडाळून मोज्यात ठेवलं.

साडेपाचला शर्यत सुटली. नवरा-बायको आम्ही, जोडी क्रमांक चौदा, पण मी त्याच्याशी बोलत नव्हते. कुणी तरी मोबाइलवर चित्रण करत म्हणालं, "काका-काकू, हसा ना." पहिले दहा किलोमीटर रागानंच काढले. राग पायांना बरा असतो, दम विसरायला होतो. बाराव्याला संघपालच्या पोटरीत गोळा आला, तो लंगडू लागला. मी वेग कमी केला, पण मान वळवली नाही. सोळाव्या किलोमीटरला क्लासचा चौक. घड्याळात दोन तास बारा मिनिटं. प्रतिष्ठाननं टाळ्या वाजवायला क्लासची पोरं उभी केली होती, हातात छोटे झेंडे.

संघपाल न बोलता दुभाजकावर चढला. जाळीला पाय लावला, मोज्यातलं ब्लेड काढलं. मी खालून बांबू धरला. पोरांच्या टाळ्या थांबल्या, दोन-चार मोबाइल वर झाले. वर मुबश्शिराचा हातभर चेहरा, आणि त्याच्या गळ्याशी माझ्या नवऱ्याचा ब्लेडवाला हात. मला ते दिसत होतं, तरी मी बांबू सोडला नाही.

तेवढ्यात कुणीतरी संघपालच्या बनियनची शेपटी मागून ओढली. मुबश्शिरा. पाठीवर दप्तर, हातात झेंडा नव्हता.

"उतरा सर."

"फाडतो बेटा. दोन मिनिटं."

"उतरा म्हणते ना मी." तिचा आवाज फुटला, आणि तिला स्वतःला तो किती मोठा झालाय हे कळत नव्हतं, म्हणून तो चौकभर ऐकू गेला. "मला विचारून फोटो जोडला का? मला विचारून छापला का? आता मला विचारून तरी फाडा."

संघपाल वरच थिजला. काल जिन्यात आम्ही तिच्यासमोर तिच्याविषयी अर्धा तास बोललो होतो, आणि एकदाही, एकदाही तिला विचारलं नव्हतं की तुला काय पाहिजे. माणिकप्पांवर मी ज्या रागानं तुटून पडले होते तो सगळा माझ्याच अंगावर आला.

मी तिच्या समोर आले. तोंड नीट सरळ ठेवून विचारलं, "काय करू, सांग."

"पळा," ती म्हणाली. "फोटो तर लागला. सगळ्यांनी पाहायचं ते पाहिलं. आता मशीन बी नको म्हणता का? ते तर मला पायजे. दोन्ही कानांना पायजे. तीन तासांत पोचा."

संघपाल खाली उतरला, ब्लेड परत कागदात गुंडाळून खिशात टाकलं. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण तिनं घड्याळाकडं बोट दाखवलं.

उरलेले पाच किलोमीटर मी कशी पळाले ते मला नीट आठवत नाही. संघपालचा पाय उचलत नव्हता, मी त्याचं मनगट धरून ओढत होते. त्याला माफ केलं म्हणून नव्हे. तो मागं राहिला असता तर भर गेली असती. शेवटच्या वळणावर तो म्हणाला, "प्रियदर्शनी, सोड, मी पडतो." मी म्हणाले, "पडायचं असेल तर रेघेच्या पलीकडं पड." दोन तास सत्तावन्न मिनिटांनी आम्ही रेघ ओलांडली, आणि तो खरंच पलीकडं जाऊन पडला.

स्टेजवर शाल, श्रीफळ, दरवाजाएवढा थर्माकोलचा चेक. माणिकप्पांनी माझ्या हातात माइक दिला. "ताई, दोन शब्द." रात्रभर माझ्या डोक्यात दोन नाही, दोनशे शब्द तयार होते, एकेक धार लावलेला. समोर सगळं लातूर बसलं होतं. मी माइक तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, "त्या मुलीनं तिच्याविषयी बोलायची परवानगी मला दिलेली नाही." माइक परत दिला. थोडा वेळ टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. माणिकप्पा माझ्याकडं पाहत राहिले, मग मान खाली घालून पुढच्या जोडीचं नाव वाचू लागले.

तिथून आम्ही लंगडत चौकात आलो. फ्लेक्स तसाच होता. पोरं टेस्टला गेली होती. संघपालनं खिशातलं ब्लेड चाचपलं आणि हात बाहेर काढला. मग फोन काढून त्यानं मुबश्शिराला निरोप लिहिला. पाठवण्याआधी मला दाखवला. एकच ओळ होती, फ्लेक्स उतरवू का. खाली 'सोबत' नव्हतं.

आम्ही दुभाजकाच्या कडेला बसून राहिलो. ऊन तापलं, चहा दोनदा झाला, येणारी-जाणारी माणसं फ्लेक्स वाचून आमच्याकडं बघत होती आणि आम्ही ते बघू दिलं. बारा वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं : थांबा, मी येते.

ती आली तेव्हा तिच्या खोलीतल्या दोन मुली मेसचं स्टूल उचलून घेऊन मागं चालत होत्या. त्यातली एक तिला काहीतरी विचारत होती, साध्या आवाजात, तोंड वाकडं न करता, फक्त तिच्याकडं वळून. स्टूल दुभाजकाशी टेकवलं. मुबश्शिरानं संघपालपुढं हात केला. त्यानं ब्लेड कागदातून काढून, धार आपल्याकडं ठेवून, तिला दिलं.

ती वर चढली. आम्ही दोघांनी स्टूल धरलं.